यारेमचुकचा पहिला टच

१४ ऑक्टोबर २०१९ ची कीव्हमधली मॅच बहुतेकांना आठवते ती रोनाल्डोसाठी. त्या रात्री त्याने पेनल्टीवर करिअरमधला ७०० वा गोल मारला, दुसऱ्या दिवशी जगभर फोटो त्याचाच आणि आकडाही त्याचाच. पण ती मॅच पोर्तुगाल हरलं होतं, २-१ ने, आणि युक्रेन त्याच रात्री युरोसाठी, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेसाठी, क्वालिफाय झालं होतं. सहाव्या मिनिटाला युक्रेनचा पहिला गोल झाला तो असा, की हेडर पोर्तुगालच्या गोलकीपरने कसाबसा अडवला, बॉल समोर पडला आणि तिथे एक उंच पोरगा हजरच होता, त्याने तो जवळून आत ढकलला. लांबून हाणलेला शॉट नाही, चार जणांना चकवणं नाही. बॉल कुठे पडणार हे त्याला बाकीच्यांपेक्षा क्षणभर आधी कळलं, एवढंच. रोमान यारेमचुक. वय २३, बेल्जियममधल्या गेंट क्लबचा स्ट्रायकर.

ह्या माणसावर लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. पण त्याचं नाव काढलं की बोलणं दर वेळी एकाच गोष्टीवर येतं, लिस्बनच्या स्टेडियममध्ये तो रडला त्या गोष्टीवर. ते येणारच, मीही त्यावर लिहिणार आहे, त्याला पर्याय नाही. पण एखाद्या खेळाडूने आयुष्यभर मेहनत करून कमावलेली कला असते आणि लोकांच्या लक्षात मात्र त्याच्या दुःखाचा एक फोटो राहतो, हे मला सलतं. यारेमचुक फुटबॉलपटू आहे. चांगला आहे. सगळ्यात भारी नाही, त्याच्या देशातसुद्धा आज पहिल्या नंबरचा नाही. आणि तरीही गेल्या काही वर्षांत युक्रेनच्या ज्या मॅचेस खरंच अडलेल्या होत्या, त्यांची स्कोअरशीट काढून बघा, त्याचं नाव सापडतंच.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत मोठा झालो, पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीम समोरासमोर असल्या की पेठांमधलं वातावरण कसं असतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. तिथे गॅलरीत बसून एक गोष्ट लहानपणीच कळते, की फॉरवर्डला माफी नसते. डिफेंडरच्या चार चुका खपतात, गोलकीपर बिचारा म्हणून सुटतो, पण नऊ नंबरवाल्याने समोरचा गोल हुकवला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. म्हणून असेल कदाचित, पण ज्याच्या नावावर ढिगाने गोल नाहीत अशा स्ट्रायकरकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. तो बाकी काय करतोय हे बघायची सवय लागली.

यारेमचुक जन्मला ल्विव्हला, नोव्हेंबर १९९५ मध्ये. ल्विव्ह म्हणजे युक्रेनच्या पार पश्चिमेचं शहर, पोलंडची बॉर्डर तिथून साधारण सत्तर किलोमीटर. सुरुवात तिथल्याच कार्पाती क्लबच्या अकॅडमीत, मग मोठ्या पोरांना मोठी शहरं ओढून नेतात तसा डायनामो कीव्हच्या अकॅडमीत. आता डायनामो कीव्हमध्ये फॉरवर्ड म्हणून वाढायचं म्हणजे काय, तर ज्या क्लबने बॅलन डी'ओरचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या बक्षिसाचे, तीन विनर घडवले त्या क्लबची नऊ नंबरची जर्सी मागायची. ओलेग ब्लोखिन १९७५, इगोर बेलानोव्ह १९८६, दोघांनाही ते डायनामोत खेळत असतानाच मिळालं, आणि आंद्री शेवचेंको २००४, तो तेव्हा एसी मिलानला होता पण घडला कीव्हलाच.

परदेशात खेळायचा हा जो मार्ग आहे ना, त्याचाही एक इतिहास आहे. ब्लोखिन त्याच्या भरात असताना युरोपातला कुठलाही क्लब त्याला घ्यायला तयार झाला असता, पण सोव्हिएत काळात जाणार कसा. त्याला बाहेर जाऊ दिलं १९८८ मध्ये, वय ३५, आणि गेला कुठे तर ऑस्ट्रियातल्या फोरवेर्ट्स स्टायर नावाच्या छोट्या क्लबला. सगळं तारुण्य संपल्यावर. बेलानोव्ह त्याच्या पुढच्या वर्षी जर्मनीत म्योन्शनग्लाडबाखला. शेवचेंकोला हे कुंपण नव्हतं, तो १९९९ मध्ये २२ व्या वर्षी मिलानला गेला आणि २००३ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला ओल्ड ट्रॅफर्डवर युव्हेंटसविरुद्धची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली. त्याचा डायनामोतला जोडीदार सेर्ही रेब्रोव्ह २००० मध्ये टॉटनहॅमला गेला, तिथे त्याचं फारसं जमलं नाही. ह्या दोघांची नावं लक्षात ठेवा, कारण पुढे दोघंही यारेमचुकचे नॅशनल टीमचे कोच झाले. म्हणजे ज्यांना परक्या देशात स्ट्रायकर म्हणून उभं राहण्याची सगळी सुखदुःखं माहिती होती अशी माणसं त्याला मिळाली. एक खूप यशस्वी, एक तितकासा नाही. मला वाटतं दुसऱ्या प्रकारचा कोच बेंचवरच्या पोराला जास्त समजून घेतो.

डायनामोत यारेमचुकला जागा मिळाली नाही. थोडं खेळला, मग ओलेक्सांद्रिया नावाच्या छोट्या क्लबला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवलं, तिथे गोल मारायला लागला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात गेंटने त्याला उचललं. वय २१. बेल्जियमची लीग म्हणजे मोठ्या लीगच्या दारातली लीग, तिथे खेळाडू जातो तोच पुढे कुठेतरी जायचं म्हणून. चार वर्षं तो तिथे होता. काही काळ सोबतीला कॅनडाचा जोनाथन डेव्हिड होता, वेगवान, छोटा, डिफेन्सच्या मागे पळणारा, आणि यारेमचुक त्याच्यासाठी बॉल धरून ठेवणारा. पाठ गोलकडे, मागून सेंटरबॅक ढकलतोय, कमरेत गुडघा लागतोय, आणि अशात बॉल पायाशी थांबवून बाजूच्याला द्यायचा, हे काम टीव्हीवर दिसतच नाही कारण कॅमेरा पुढे निघून गेलेला असतो. २०२०-२१ च्या सीझनला मात्र त्याने स्वतः लीगमध्ये २० गोल मारले, आणि त्याच उन्हाळ्यात झालेल्या युरोत पहिल्या दोन मॅचमध्ये दोन. ॲमस्टरडॅमला नेदरलँड्सविरुद्ध युक्रेन ०-२ ने मागे होतं, आधी त्याचा टीममधला जोडीदार आंद्री यार्मोलेंकोचा भन्नाट गोल, मग चार मिनिटांत यारेमचुकचा हेडर, २-२. शेवटी ३-२ ने हरले ते सोडा. पुढची मॅच बुखारेस्टला, नॉर्थ मॅसेडोनियाविरुद्ध २-१ ने जिंकले, गोल परत त्याच दोघांचे. क्वार्टर फायनलपर्यंत गेली ती टीम, कोच शेवचेंको. तिथे रोममध्ये इंग्लंडने चार मारले.

मग बेनफिका. जवळजवळ एक कोटी सत्तर लाख युरो दिले त्यांनी. लिस्बन, लुझ स्टेडियम, साठ हजारांवर माणसं. आणि ड्रॉ काय निघाला बघा, पहिल्याच सीझनला चॅम्पियन्स लीगच्या गटात बायर्न, बार्सिलोना आणि डायनामो कीव्ह. ज्या क्लबने त्याला लोनवर पाठवलं तोच क्लब समोर. डिसेंबर २०२१ मध्ये गटातली शेवटची मॅच होती, बेनफिकाला जिंकणं भाग होतं आणि तिकडे बार्सिलोनाने बायर्नविरुद्ध न जिंकणंही गरजेचं होतं. यारेमचुकने सोळाव्या मिनिटाला गोल केला. बेनफिका २-० ने जिंकलं, बायर्नने बार्सिलोनाला तीन मारले, आणि बार्सिलोनासारखा क्लब चॅम्पियन्स लीगच्या गटातूनच बाहेर पडला. हेडलाइन अर्थातच बार्सिलोनाची.

पण लीगमध्ये त्याची जागा पक्की नव्हती, कारण त्या वर्षी बेनफिकाचा पहिला स्ट्रायकर होता डार्विन नुन्येझ आणि त्याच्या अंगात आलं होतं, लीगमध्ये २६ गोल, पुढच्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने त्याला नेलं. अशा माणसाच्या मागे बेंचवर बसायचं म्हणजे तुम्ही वाईट खेळत नसता, फक्त समोरचा थांबतच नसतो.

२३ फेब्रुवारी २०२२. बेनफिका विरुद्ध आयाक्स, चॅम्पियन्स लीगची प्री-क्वार्टर, पहिला लेग, म्हणजे दोन मॅचपैकी पहिली. आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाली मॅच. दोनच दिवस आधी पुतिनने डोनेत्स्क आणि लुहान्स्कला मान्यता दिलेली, सैन्य बॉर्डरवर, आणि रोज बातम्यांत एकच प्रश्न, घुसणार का. यारेमचुक सबस्टिट्यूट म्हणून आला, आयाक्स २-१ ने पुढे. ७२ व्या मिनिटाला गोन्सालो रामोसचा शॉट गोलकीपरने अडवला, बॉल वर उडाला आणि परत तेच, हा तिथे होताच, डोक्याने आत. २-२. आणि त्याने जर्सी काढली. आत काळा टीशर्ट, त्यावर त्रिझुब, युक्रेनच्या राजचिन्हातला त्रिशूळ. यलो कार्ड मिळणार हे माहिती असतं सगळ्यांना, मिळालंही.

त्या टीशर्टचा मी खूप विचार केलाय. तो मॅचच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये जर्सीखाली घातला असणार. म्हणजे बेंचवर बसलेला माणूस, आपल्याला उतरवतील की नाही हे नक्की नाही, उतरवलं तरी गोल होईल की नाही हे तर कुणालाच माहिती नाही, आणि तरी तो घालून बसलाय. स्ट्रायकरचा स्वतःवरचा विश्वास म्हणतात तो हा.

मॅच संपली तेव्हा इथे साडेतीन वाजत आले होते. काही तासांनी उठून फोन बघितला तर कीव्हवर, खारकिव्हवर क्षेपणास्त्रं पडत होती.

नंतरचे काही दिवस आपल्याकडे युक्रेन घराघरांत शिरलं, ते फुटबॉलमुळे नाही, मेडिकलला गेलेल्या पोरापोरींमुळे. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं तिथे होती, आमच्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी पण होती, आणि तिचे आई-वडील, ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, ते फोनवर सारखं ल्विव्ह ल्विव्ह म्हणत होते. ल्विव्हपर्यंत ट्रेन मिळाली का, ल्विव्हहून बॉर्डरला बस आहे का, तिथे थंडी किती आहे. माझ्यासाठी तोपर्यंत ल्विव्ह म्हणजे यारेमचुकचं गाव आणि त्याने २०१९ मध्ये सर्बियाविरुद्ध ५-० च्या मॅचमध्ये गोल मारला ते स्टेडियम. आता त्या शहराच्या स्टेशनवर हजारो माणसं उभी होती आणि त्यांत आपली पोरं होती. ती मुलगी सुखरूप आली. ऑपरेशन गंगाच्या विमानाने.

आणि मग २७ फेब्रुवारी. लुझ स्टेडियम, समोर व्हितोरिया गिमाराइश, लीगची साधी मॅच, बेनफिका ३-० ने जिंकलं. तासाभराचा खेळ झाल्यावर यारेमचुकला उतरवलं, डार्विनच्या जागी. यान व्हर्टोंगेन, बेल्जियमचा सेंटरबॅक, त्या दिवशीचा कॅप्टन, त्याने दंडावरची पट्टी काढून ह्याच्या दंडावर चढवली आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. निळे-पिवळे झेंडे. यारेमचुकने हात जोडल्यासारखे केले, टाळ्या वाजवल्या, आणि मग त्याला आवरलं नाही. डोळे भरून आले, ओठ घट्ट मिटलेले, आणि खेळ सुरू व्हायची वाट बघत तो तसाच उभा. तो व्हिडिओ लाखो लोकांनी बघितला. मीही परत परत बघितला.

त्यात मला हलवून गेली ती एक बारीक गोष्ट. टाळ्या चालू आहेत, हा रडतोय, आणि मग खेळ सुरू होतो आणि दोन-चार सेकंदांत तो सेंटरबॅकच्या अंगाला अंग लावून आपली जागा घेतो. पळायला लागतो. डोळे पुसायला वेळ नाही. त्याच्या देशावर बॉम्ब पडतायत, माणसं मेट्रो स्टेशनात झोपतायत, आणि ह्याला अर्धा तास गिमाराइशच्या डिफेंडर्सना गुंतवून ठेवायचंय. ते त्याने केलं. लोकांनी रडणं पाहिलं आणि क्लिप तिथेच कापली.

ह्यात लोकांचं चुकलं असं मी म्हणत नाही. साठ मिनिटं उलटल्यावर आलेल्या सबस्टिट्यूटसाठी हजारो परक्या माणसांनी असं उभं राहणं ही फार मोठी गोष्ट आहे, मला आजही ती आठवली की बरं वाटतं. पण त्या दिवसानंतर त्याचं नाव म्हणजे तो क्षण झालं. आणि सहानुभूतीने टीममध्ये जागा मिळत नाही. दोन आठवड्यांनी आंद्री यार्मोलेंकोने वेस्ट हॅमसाठी ॲस्टन व्हिलाविरुद्ध गोल मारला आणि गुडघ्यांवर बसून आभाळाकडे बोट दाखवलं, तेव्हाही असंच झालं. ही सगळी परदेशात खेळणारी युक्रेनी मंडळी, त्यांच्याकडून प्रत्येक मॅचला कुठलातरी अर्थ अपेक्षित होता. एप्रिलमध्ये ॲनफिल्डवर लिव्हरपूलविरुद्ध ३-३ झाली त्यात यारेमचुकचाही गोल होता. गोल म्हणून त्याची किती चर्चा झाली?

जून २०२२, वर्ल्ड कपचा प्ले-ऑफ. टीम मे महिन्यापासून स्लोव्हेनियात जमून सराव करत होती, कारण घरची लीग २४ फेब्रुवारीपासून बंद, निम्म्या खेळाडूंनी तीन महिने एकही खरी मॅच खेळलेली नाही. अशा अवस्थेत ग्लासगोला हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडला ३-१ ने हरवलं. यार्मोलेंकोने गोलकीपरच्या डोक्यावरून उचलून मारला, हाफटाइमनंतर लगेच कारावाएव्हच्या क्रॉसवर यारेमचुकचा हेडर, शेवटच्या क्षणी दुसरा स्ट्रायकर डोव्हबिक. आणि चारच दिवसांनी कार्डिफला पावसात वेल्सविरुद्ध त्यांच्या गॅरेथ बेलच्या फ्री किकवर यार्मोलेंकोच्याच डोक्याला लागून बॉल आपल्या गोलमध्ये. १-० हरले. वर्ल्ड कप गेला. त्या रात्री वेल्सच्या गोलकीपरने काय काय अडवलं ते बघून जीव तुटत होता.

आता उतार. २०२२ च्या उन्हाळ्याच्या शेवटी तो बेल्जियमला परत गेला, पण गेंटला नाही, क्लब ब्रुजला. गेंट आणि ब्रुज ही शेजारची शहरं, आणि शेजाऱ्यांचं फुटबॉलमध्ये कसं असतं ते आपल्याला ठाऊकच आहे. पैसेही मोठे दिलेले, त्यामुळे अपेक्षा मोठी, आणि झालं उलटंच. गोल येईनात. त्या सीझनला ब्रुजने दोनदा कोच बदलला. चॅम्पियन्स लीगच्या प्री-क्वार्टरला गाठ पडली ती पुन्हा बेनफिकाशीच, आणि बेनफिकाने दोन लेग मिळून सात मारले. पुढच्या वर्षी व्हॅलेन्सियाला लोनवर. तिथेही बेंच. आणि नेमक्या त्याच वर्षी स्पेनमध्येच जिरोना नावाच्या छोट्या क्लबकडून आर्तेम डोव्हबिकने २४ गोल मारून लीगचा टॉप स्कोअरर व्हायचा मान मिळवला, कुठल्याही युक्रेनी खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळाला. नॅशनल टीमचा पहिला स्ट्रायकर आता डोव्हबिक. बरोबरच होतं ते. डोव्हबिकसुद्धा आधी एकदा डेन्मार्कला जाऊन, जम न बसल्याने घरी परतलेला माणूस, त्यामुळे त्याच्या यशाचाही मला मनापासून आनंद झाला.

ह्या मधल्या काळात घरची लीग कशी चालू होती तेही सांगितलं पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये ती परत सुरू केली, प्रेक्षकांशिवाय, स्टेडियमजवळ बंकर असलाच पाहिजे ह्या अटीवर. सायरन वाजला की रेफरी खेळ थांबवणार, दोन्ही टीम खाली, सायरन संपला की वर. पहिल्याच आठवड्यात ल्विव्हमध्ये रुख आणि मेटालिस्टची मॅच सायरनमुळे इतकी वेळा थांबली की संपायला साडेचार तास लागले. आणि नॅशनल टीम? तिला घरी मॅच खेळताच येत नाही. वूच, व्रोत्सवाफ, प्राग, लेव्हरकुझेन, जिथे मैदान मिळेल ते घरचं. आपल्याला वाटतं यारेमचुक परदेशात खेळतो, तर अख्खी टीमच परदेशात खेळतीये.

मार्च २०२४, युरोचा प्ले-ऑफ, बोस्नियात झेनित्साला. युक्रेन ०-१ ने मागे, तोही सेल्फ गोल, ८५ मिनिटं होत आली आणि वाटलं संपलं. ८५ व्या मिनिटाला यारेमचुक. ८८ व्या मिनिटाला डोव्हबिक. तीन मिनिटांत खेळ पालटला आणि पाच दिवसांनी व्रोत्सवाफला आइसलँडला हरवून टीम जर्मनीला गेली. वर्षभर क्लबमध्ये बेंचवर बसलेला माणूस असा गोल कुठून काढतो मला कळत नाही. बेंचवर बसून पाय जड होतात, खेळाचा अंदाज जातो, हे कुणीही खेळलेला माणूस सांगेल.

जर्मनीत युरो सुरू होताना युक्रेनच्या असोसिएशनने म्युनिकच्या एका चौकात खारकिव्हच्या सोन्याच्नी स्टेडियमची उद्ध्वस्त झालेली स्टँड आणून उभी केली होती. वाकलेलं लोखंड, फुटक्या खुर्च्या. त्याच शहरात रोमानियाने त्यांना ०-३ ने धुतलं. टीव्हीवर चेहरे बघवत नव्हते.

२१ जून २०२४, ड्युसेलडॉर्फ, समोर स्लोव्हाकिया. सतराव्या मिनिटाला परत मागे पडले. दुसऱ्या हाफमध्ये शापारेंकोने बरोबरी केली. यारेमचुक सबस्टिट्यूट म्हणून आत. आणि ८० वं मिनिट.

शापारेंकोने अर्ध्या मैदानाजवळून लांब बॉल टाकला, डिफेन्सच्या डोक्यावरून. यारेमचुक दोन डिफेंडर्सच्या मधून पळतोय, बॉल त्याच्या मागून, खांद्यावरून येतोय. त्र्याऐंशीच्या फायनलला कपिलने रिचर्ड्सचा कॅच मागे पळत पळत घेतला तो आठवा, तसाच बॉल, नजर वर आणि पाय पळतायत, फक्त इथे हात वापरायचे नाहीत. त्याने उजवा पाय लांब केला, पूर्ण ताणून, आणि हवेतल्या हवेत बुटाच्या पुढच्या भागाने बॉल असा काही उतरवला की तो उसळलाच नाही, पुढेही गेला नाही, मागेही राहिला नाही, बरोब्बर एक पाऊल पुढे पडला. चाळीस-पन्नास मीटरवरून आलेला बॉल. गोलकीपर डुब्राव्का बाहेर निघालेला होता कारण त्याचा हिशोब असा की पहिला टच लांब जाणार आणि मी तो उचलणार, कुणाचाही लांबच गेला असता. तो पोचायच्या आत दुसरा टच झाला, बॉल त्याच्या बाजूने जमिनीलगत आत. २-१.

हा गोल मी किती वेळा बघितलाय त्याला गणती नाही. स्लो करून, मागून, बाजूने. त्यात मला जे दिसतं ते असं, की कार्पातीच्या अकॅडमीतल्या पोराला कुणीतरी भिंतीवर बॉल मारून पायावर झेलायला लावलं असणार, गेंटला चार वर्षं पाठीवर धक्के खात तेच केलं, लिस्बनला बेंचवरून उतरून तेच, ब्रुजला गोल होत नव्हते तेव्हाही सरावात तेच. त्या टचमध्ये युद्ध नाही, झेंडा नाही, दुःख नाही, ती शुद्ध कारागिरी आहे आणि ती त्याची आहे. त्या दिवशी ड्युसेलडॉर्फमध्ये लोक उभे राहिले ते त्या टचसाठी. लिस्बनच्या टाळ्यांपेक्षा ह्या टाळ्या मला मोलाच्या वाटतात, आणि खरं सांगतो, त्यालाही वाटत असाव्यात असं मला मनापासून वाटतं.

पुढे बेल्जियमशी ०-० झाली. गटातल्या चारही टीमचे चार-चार गुण आणि गोल फरकावर युक्रेन चौथं. युरोत २४ टीम व्हायला लागल्यापासून चार गुण घेऊन गटातून बाहेर पडणारी पहिलीच टीम. रोमानियाविरुद्धचे ते तीन गोल नडले.

त्याच ऑगस्टमध्ये यारेमचुक ग्रीसला गेला, पिरेयसला, ऑलिंपियाकोसकडे. तिथे पहिला स्ट्रायकर कोण, तर मोरोक्कोचा अयूब एल काबी, ज्याने तीनच महिने आधी कॉन्फरन्स लीगच्या फायनलला ११६ व्या मिनिटाला गोल मारून क्लबला पहिली युरोपियन ट्रॉफी मिळवून दिली होती. म्हणजे डार्विन झाला, डोव्हबिक झाला, आता एल काबी. परत कुणाच्यातरी मागे. पण ह्या वेळी टीम जिंकणारी होती, पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही आले.

नोव्हेंबर २०२५ मध्ये तो तिशीचा झाला. वेगावर जगणाऱ्या फॉरवर्डसाठी तिशी म्हणजे धोक्याची घंटा, पण ह्याचा खेळ पायांच्या वेगावर कधीच नव्हता. असे स्ट्रायकर टिकतात, बोस्नियाचा झेको ३९ व्या वर्षीही खेळत होता. माझ्या मते ह्याच्यात अजून चार-पाच वर्षं नक्की आहेत, कुठल्या देशात, कुठल्या क्लबकडून ते माहिती नाही. त्याची मॅच कधी लागली तर गोल मोजत बसू नका. साठाव्या मिनिटानंतर तो आत येईल, पाठीला सेंटरबॅक चिकटलेला असेल, लांबून बॉल येईल, तेव्हा कॅमेरा पुढे सरकायच्या आत त्याच्या उजव्या पायाकडे बघा.